शून्य चपळाईचं कासव

“वेगळं दिसलं का उपटायचं, केसर. इचार नाई करायचा. इचार करत बसली तं सारी बांधी नासते.”

सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रावर मी पहिल्यांदा कामाला गेले, त्या दिवशी गुणाबाईनं मला एवढंच शिकवलं. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. गुणाबाई तेव्हा आम्हा बायांची मुकादम होती. बियाण्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, सगळं धान एका उंचीचं, एका रंगाचं, एकाच वेळी लोंबी टाकणारं लागतं. मधेच एखादं झाड हातभर उंच निघतं, एखाद्याच्या लोंबीला कुसळ असतं, एखादं चार दिवस आधी पिवळं पडतं. ते मुळासकट उपटून बांधीबाहेर टाकायचं. याला भेसळ काढणं म्हणतात. चिखलात रांगेनं चालायचं, नजर लोंब्यांवर ठेवायची, मग हात आपोआप खाली जातो. उपटताना मी मनात रामाचं नाव घेते, कारण झाडाचा काही दोष नसतो. पण हात कधी थांबला नाही.

हे आधी सांगितल्याशिवाय माझी चूक कळणार नाही, म्हणून सांगितलं.

माझी मुलगी दिव्यानी बस स्टँडजवळच्या सेवा केंद्रात कामाला जाते. लोकांचे दाखले काढून देते, अर्ज भरून देते. संध्याकाळी घरी आली की मोबाईलवर ‘रानमल्ल’ खेळते. या खेळात जनावरं पाळायची, त्यांची पैदास करायची, त्यांना डाव शिकवायचे आणि दुसऱ्याच्या जनावरांशी त्यांची कुस्ती लावायची. सहा मल्लांचा एक संघ असतो. आगीचा मल्ल काट्याच्या मल्लाला भारी, काट्याचा पाण्याच्या मल्लाला, पाण्याचा आगीला, असे त्यात अकरा गुण आहेत. कोणाचं कोणापुढे चालतं आणि कोणाचं चालत नाही, हे मी भाजी निवडता निवडता ऐकून शिकले.

“सहाच्या सहा ताकदीचे घेतले तं झालं ना,” मी एकदा म्हटलं होतं.

“नाई ना आई. सहाही एकसारखे असले तं एकाच पावसात सारे भिजतात,” दिव्यानी म्हणाली. “एक भिजला तं दुसऱ्यानं छत्री धरली पाह्यजे. त्याले संघ म्हणतात.”

मी तिला एकच गोष्ट विचारून घेतली होती, हरलेला मल्ल मरतो का. ती म्हणाली, मरत नाही, दमतो. मग माझी काही हरकत राहिली नाही.

मल्लांचं रोजचं काम हळूहळू माझ्याकडे आलं; तिचाच खेळ तिनं माझ्याही मोबाईलवर उघडून दिला. त्यांना रोज चारा घालावा लागतो, रोज सराव करून घ्यावा लागतो. रोज केलं तर अंगी लागतं, एक दिवस चुकलं की मागे जातं. दिव्यानीला सकाळी वेळ नसायचा आणि मला नेमाची सवय होती. पहाटे आंघोळ, तुळशीला पाणी, एक माळ जप, मग चहा. त्याच्यापुढे हे एक जोडलं. देवापुढे दिवा लागल्याशिवाय मोबाईलला हात लावायचा नाही, एवढं मात्र ठरवून घेतलं.

“त्यायलेही उदबत्ती लावत जा,” माझे मालक हेमराज म्हणायचे. “म्हणजे वेगळा टाइम नाई लागन.”

“चारा घालतो, तेवढं बस आहे,” मी म्हणायची.

यंदाची चंद्रपूरची स्पर्धा दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी होती. तिथून पहिले दोघं नागपूरला जाणार होते. दिव्यानी गेल्या वर्षी तिसरी आली होती. त्या वेळी तिनं वडलांना सांगून टाकलं होतं की अजून एक वर्ष खेळते, यंदा नागपूर झालं नाही तर रानमल्ल बंद, मग भरतीच्या परीक्षेचा अभ्यास. हेमराजनी तिला असं काही म्हणायला लावलं नव्हतं. तिचं तिनंच ठरवलं होतं, आणि ती बोलली ते करते हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. म्हणजे जे काय व्हायचं ते या रविवारीच होणार होतं.

स्पर्धेच्या दहा दिवस आधी, गुरुवारी सकाळी, ती कामावर निघताना म्हणाली, “आई, पेटी भरली. नवीन ठेवाले जागा नाई. कामाचे नाई ते सोडून देजो.”

पेटी म्हणजे खेळातली जागा, जिथे पैदास केलेले सगळे मल्ल ठेवलेले असतात. हे कामही मी सहा महिन्यांपासून करत होते. प्रत्येक मल्लाला चार आकडे असतात, ताकद, कातडी, दम आणि चपळाई. शून्यापासून तीसपर्यंत. हे आकडे जन्मताच येतात, सरावानं बदलत नाहीत. तीसच्या जवळचे ठेवायचे, बाकी रानात सोडायचे, असं दिव्यानीनं मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. धान केंद्रावर त्या दिवशी अर्ध्याच दिवसाचं काम होतं. जेवण झाल्यावर मी ओसरीवर बसले आणि एकेक बघत गेले. बारा, सोडला. नऊ, सोडला. एकोणतीस, ठेवला. हाताला लय लागली.

मग एक धोंडकासव आलं. पाठीवर धोंडे असलेलं मोठं कासव. ताकद तीस, कातडी तीस, दम तीस, आणि चपळाईत भोपळा. बांधीभर सारख्या लोंब्या आणि एकाच झाडाला कुसळ, तसं ते मला दिसलं. मी बटण दाबलं. ‘नक्की सोडायचं?’ असं खेळानं विचारलं. मी हो केलं. दुसरे मल्ल सोडले की उडत किंवा पळत निघून जातात. हे मात्र पाऊल पाऊल टाकत पडद्याच्या कडेला गेलं. मी ते दिसेनासं होईपर्यंत थांबले. “जा बापा, सुखी राह्य,” म्हटलं आणि पुढच्याकडे वळले.

दिव्यानी साडेसहाला आली. पाय धुतले, चहा घेतला, मोबाईल उघडला.

“आई, शून्यवाला कुठी गेला?”

“कोणता शून्यवाला?”

“धोंडकासव.”

“त्याले भोपळा होता ना चपळाईत. सोडला मी त्याले.”

तिनं पेटी वरून खालपर्यंत पाहिली, मग खालून वरपर्यंत. मग मोबाईल मांडीवर पालथा ठेवला.

“मुद्दाम होता तो भोपळा,” ती म्हणाली.

“मुद्दाम कसा?”

तिनं समजावून सांगितलं, आवाज न चढवता. कुस्तीत जो जास्त चपळ, त्याचा डाव आधी पडतो. म्हणून सगळे चपळ मल्लांच्या मागे लागतात. पण ‘उलटा फेर’ नावाचा एक डाव आहे. तो टाकला की पुढचे पाच फेर सगळं उलटं होतं, जो सगळ्यात मंद त्याचा हात आधी. तिच्या संघात पाच चपळ होते. समोरचा समजणार, ही चपळ खेळणार. मग तिचा एक मल्ल उलटा फेर टाकणार आणि मागून कासव येणार. तीसच्या ताकदीचं आणि सगळ्यांच्या आधी हात उचलणारं. यंदाचा सगळा संघ तिनं त्या एका कासवाभोवती बांधला होता.

“तीन आठवडे लागले त्याले काढाले,” ती म्हणाली. “कुलूप लावाले पाह्यजे होतं मी. माहीच चूक आहे.”

“रानात गेलेलं परत येते का?”

“नाई येत.”

हेमराज दारात उभे राहून ऐकत होते. “मंग दुसरा घे ना बजारातून.”

“हे बजारात नाई भेटत, बाबा.”

मी भाकरी थापायला घेतल्या. तिसरी भाकरी तव्यावर टाकल्यावर मी विचारलं, “किती अंड्यांतून एक शून्य निघते?”

“नशीब आहे. तीस-चाळीसातून एखादा.”

“अन् अंडं फुटाले काय लागते?”

“चालावं लागते. मोबाईल पावलं मोजते. एका टायमाले चार अंडे, अन् सहा किलोमीटर चाललं का फुटतात.” ती हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. “पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता संघ बंद होते, त्याच्यानंतर बदलता नाई येत. मी दिवसभर खुर्चीत बसतो आई. कवा चालू?”

“मी चालीन ना,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून मी मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेला बांधला आणि बांधीत उतरले. कापणीआधीची शेवटची भेसळ काढणी चालू होती. दिवसभर रांगेनं जायचं, रांगेनं यायचं. बाया विचारायच्या, कमरेले काय बांधलं, पोट दुखते का. मी सांगायची, अंडे आहेत. त्या हसायच्या आणि मीही हसायची. चिखलात पाऊल लहान पडतं, तरी दुपारच्या सुट्टीपर्यंत तीन-साडेतीन किलोमीटर व्हायचे. संध्याकाळी आणखी दोन-तीन चालायचे होते, पण पाण्याच्या नहराच्या पलीकडे जनावर, वाघच तो, फिरत होतं आणि एकट्यानं जाऊ नका म्हणून वनखात्याचे लोक सांगून गेले होते. मी गुणाबाईकडे गेले.

गुणाबाई आता सत्तरीची आहे. गुडघे गेले आहेत, जीभ तशीच आहे. काठी घेऊन निघाली.

“कायले फिराचं म्हणतं?”

“अंडे उबवाचे आहेत.”

“कोंबडीचे?”

“मोबाईलातले.”

गुणाबाई चार पावलं चालली. “त्यायले कोंबडी नाई भेटली का, तं केसर पकडली.”

मी तिला सगळं सांगितलं. कासवाचं, भोपळ्याचं, दिव्यानीच्या संघाचं. तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तू बरोबरच केलं. वेगळं होतं, उपटलं.”

“पण कामाचं तेच होतं ना, बाई.”

“असन. ते आपल्याले कोणं सांगतलं होतं?” तिनं गुडघा चोळला. “बियाण्याची गोष्ट वेगळी, केसर. तिथी साऱ्यायनं सारखं असावं लागते. तुह्या पोरीचं ते काई बियाणं नाई. ते तं घर आहे म्हण ना. घरात एक तरी माह्यासारखं लागते.”

शुक्रवार ते सोमवार चोवीस अंडी फुटली. एक फुटलं की एक चिंचोका मी तुळशीच्या कोनाड्यात टाकत होते, कारण जपाची माळ या कामाला वापरायची नव्हती. पंधरा, सव्वीस, आठ, एकोणीस. एकदा तीन निघाला. दिव्यानीनं तो बाजूला ठेवला, म्हणाली, नसल्यापेक्षा बरा. सोमवारी मला उपास होता. संध्याकाळी नहरावर डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा गुणाबाईनं मला खाली बसवलं आणि मोबाईल स्वतःच्या कमरेला बांधून त्याच जागी येरझाऱ्या घातल्या. काठीसकट. “माह्या पावलानं निघाला तं माह्यं नाव ठेवजो त्याले,” म्हणाली. तिच्या पावलांवर अकरा, बावीस, बावीस आणि सात निघाले.

मंगळवारी परत येताना गुणाबाई फाटकाशी आल्यावर म्हणाली, “माह्यी बहीण आहे सिरोंच्याले. लच्छू.”

मला माहीत होतं. लच्छूबाई तिच्याहून लहान, चाळीस वर्षांपूर्वी तिकडे, तेलंगणाच्या सीमेवर दिली.

“नऊ सालं झाले भेटून. विक्की दर साली म्हणते, धान झालं का नेतो. धान होते, तो नाई होत.” विक्की तिचा मुलगा. “फोनवर बोलते लच्छू, पण आता अर्धी तेलुगूच बोलते. मले समजत नाई, अन् तिले समजत नाई का मले समजून नाई राह्यलं. समोर बसली का समजन.” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुह्या शून्य निघाला तं मले नेशीन का?”

“नेईन,” मी म्हटलं.

बुधवारी आणि गुरुवारी काही निघालं नाही. बारा आणि त्याच्या वर. दिव्यानी रोज संध्याकाळी तीनवाल्या कासवाला घेऊन सराव करत होती आणि काही बोलत नव्हती. तिनं बोलावं असं मला वाटत होतं. चूक झालेल्या माणसाला कोणी रागावलं तर जरा हलकं होतं. पण ती जेवायची, सराव करायची, झोपायची.

शुक्रवारी मी जेवणाच्या सुट्टीतही बांधावर चालत राहिले. पावणेपाचला कमरेशी मोबाईल थरथरला. मी बांधावर चढले, हात पदराला पुसले, पिशवी सोडली. पहिलं अंडं, सतरा. दुसरं, चोवीस. तिसरं, सतरा. चौथं फुटलं आणि चपळाईपुढे एकच दांडी दिसली. मी उन्हाला पाठ करून परत पाहिलं. एक.

दिव्यानीला फोन लावला.

“एक निघाला,” मी म्हटलं.

“काय एक निघाला?”

“चपळाई. एक. शून्य नाई.”

तिकडे कोणीतरी दाखल्यासाठी भांडत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

“बाकीचे आकडे?”

“तीस, तीस, अठ्ठावीस.”

“चालते आई. लय झालं. त्याले संघात टाक. अन् कुलूप लाव.”

मी कुलूप लावलं. दोनदा बघितलं.

रविवारी आम्ही दोघी पहिल्या बसनं चंद्रपूरला गेलो. स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती, वर लग्नाच्या झालरी तशाच लटकत होत्या. दारातला माणूस म्हणाला, पालकांनी बाहेर बसायचं.

“पालक नाई, ट्रेनर आहे,” दिव्यानी म्हणाली.

त्यानं माझ्या नऊवारीकडे आणि हातातल्या डब्याकडे पाहिलं, आणि आत सोडलं.

दुपारपर्यंत ती तीन कुस्त्या जिंकली. तिन्ही वेळा कासवानं काम केलं. उलटा फेर पडायचा, समोरच्याचे चपळ मल्ल खोळंबून उभे राहायचे आणि आमचं कासव हात उचलायचं. मी मागच्या खुर्चीवर बसून मोठ्या पडद्यावर बघत होते. नामस्मरण चालू होतं, पण जिंकण्यासाठी मी काही मागितलं नाही. माझ्या चुकीचं निस्तरणं देवाच्या गळ्यात कशाला घालायचं, असं वाटलं.

चौथी कुस्ती कुरखेड्याच्या प्रफुलशी होती. जो जिंकेल तो नागपूरला. प्रफुल तीस-बत्तीसचा असेल, कृषी दुकानात कामाला होता, बोलायला मऊ. दोघांचे तीन-तीन मल्ल दमले. दिव्यानीनं उलटा फेर टाकला आणि कासव बाहेर काढलं. प्रफुलनंही त्याचा राखून ठेवलेला मल्ल काढला. तोही धोंडकासव होता. सभागृहात कुजबुज झाली. पुढच्या फेरात दोघांनी एकच डाव निवडला. प्रफुलच्या कासवानं आधी हात उचलला. आमचं कासव बसलं आणि उठलं नाही. उरलेले दोन चपळ मल्ल उलट्या फेरात खोळंबले आणि कुस्ती गेली.

मला वाटलं, त्याच्या कासवाची ताकद जास्त असेल. दिव्यानी पाणी आणायला गेली तेव्हा प्रफुल माझ्याजवळ येऊन वाकला.

“काकू, तुम्ही वाढवले का मल्ल? छान वाढवले. पूर्ण संघ छान आहे.”

“तुमचं कासव आधी काऊन चाललं?” मी विचारलं.

“तुमचं एकचं होतं ना? माह्यं शून्याचं,” तो म्हणाला. “तेवढाच फरक. दोन्ही शून्याचे असते तं नाणं उडवल्यासारखं झालं असतं, कोणीही आलं असतं.”

परतीच्या बसमध्ये दिव्यानी खिडकीशी बसली होती. मूल गाव मागे गेल्यावर मी म्हटलं, “तो सोडलेला शून्यवाला असता तं नाणं तं उडलं असतं.”

“प्रफुलनं सांगतलं?”

“हो.”

ती म्हणाली, “मी कासव एक फेर उशिरा काढाले पाह्यजे होतं. त्याचं आधी बाहेर येऊ द्याले पाह्यजे होतं. तेही आहे. सारं तुह्याच डोक्यावर नको घेऊ.”

“पण माह्यं जेवढं आहे तेवढं तं आहे.”

“आहे,” ती म्हणाली. “तेवढं आहे.”

तिनं ते म्हटलं याचं मला बरं वाटलं. घरी आल्यावर तिनं हेमराजना निकाल सांगितला, जेवली, आणि भरतीची पुस्तकं माळ्यावरून काढून पुसून ठेवली. रानमल्ल तिनं मोबाईलमधून काढून टाकला नाही. फक्त उघडला नाही.

सोमवारी संध्याकाळी मी गुणाबाईकडे गेले. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. चंद्रपूरची गोष्ट तिला आधीच कळली होती.

“हारली म्हणतात पोट्टी.”

“हारली. एकानं.”

“होते तसं.” तिनं शेंगा सोलणं थांबवलं नाही.

“बाई, बुधवारी निघू आपण. मूलले बस बदलू, गडचिरोलीले बदलू, रातपर्यंत पोचतो का नाई ते कंडक्टरले विचारू. नाई पोचलो तं अहेरीत माह्यी मावसबहीण आहे.”

“कुठी?”

“सिरोंच्याले.”

तिनं मान वर केली. “शून्य कुठी निघाला तुह्या? एक निघाला. म्या म्हटलं होतं, शून्य निघाला तं. तू मोकळी आहेस, केसर. कापणीचे दिवस आहेत, रोज बुडन तुह्या.”

“तुमी ‘तं’ म्हटलं होतं,” मी म्हटलं. “मी नुसतं ‘नेईन’ म्हटलं होतं.”

गुणाबाई सूप उचलून आत गेली. आतून पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला, आणि नंतर ती विक्कीच्या बायकोला विचारत होती, हिरवं लुगडं कुठी ठेवलं.

घरी माझी एकच अडचण होती. कार्तिकाचा महिना होता आणि तुळशीपाशी रोज दिवा लावायचा माझा नेम. लग्न होऊन या घरात आल्यापासून तो चुकला नव्हता. बाळंतपणात सासूनं लावला होता, पण या घरातल्या बाईच्या हातानंच लागला होता. दिव्यानीला सांगितलं असतं तर तिनं लावला असता, पण ती संध्याकाळी उशिरा यायची. मी मंगळवारी रात्रीच्या जेवणावर हेमराजना म्हटलं, “तीन-चार दिवस तुळशीत दिवा तुमी लावजा.”

“मले मंतर नाई येत.”

“मंतर नाई लागत. तेल लागते.”

ते हसले. “बरं. अन् तुह्या तो नेम?”

“तुमी लावला का लागला.”

“कापणी टाकून चालली. पोट्टीच्या अभ्यासात चहा कोण करन?”

“तिले येते करता,” मी म्हटलं. “तुमालेही येते.”

बुधवारी पहाटे मी आंघोळ केली, तुळशीला पाणी घातलं, एक माळ केली. दिवा लावला आणि त्याच्या शेजारी तेलाची बाटली, वातींची डबी आणि काड्यापेटी ओळीनं ठेवली, म्हणजे त्यांना शोधावं लागू नये. दिव्यानीच्या खोलीत लाइट लागला होता, ती काहीतरी पुटपुटत पाठ करत होती. मी तिला हाक मारली नाही. भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधला, लच्छूबाईसाठी मोहाची वाळवलेली फुलं एका डब्यात घेतली, चपला पायात घातल्या.

उजाडलं होतं. मी फाटक हळूच लोटलं आणि गुणाबाईच्या घराकडे चालू लागले.